दयाळाची पट्टी

“चल, भंडारदऱ्याला जाऊ. पाखरं बघायला,” शांतवन म्हणाला, आणि दयाच्या पोटात गोळाच आला.

आता यात गोळा येण्यासारखं काय होतं? नवरा सहा महिने दवाखान्यात काढून घरी आलेला. डॉक्टरीणबाईंनीच बजावलेलं, की मे महिन्यात याला नगरच्या फुफाट्यात ठेवू नका, कुठेतरी डोंगरात थंड हवेला घेऊन जा. दुसरी एखादी आनंदाने ट्रंक भरायला बसली असती. पण दयाने बारा वर्षं संसार केला होता, आणि या बारा वर्षांत शांतवन पाखरं बघायला कधी गेलाच नव्हता. तो जायचा पाखरं ऐकायला. शब्द त्याचाच. लोक हसले तरी तो बदलायचा नाही. “बघायचंय काय त्यात? पिसं नि चोच! पाखरू ऐकायचं असतं,” असं तो ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर उभा राहून पाळकसाहेबांनासुद्धा ऐकवायचा.

आणि आज म्हणतो, बघायला!

शांतवनचे कान दिसायला काही खास नव्हते. जरा पुढेच आलेले, वाऱ्यावर निघाल्यासारखे. पण जिल्हाभर त्या कानांना मान होता. कुणाच्या बाजाच्या पेटीचा सूर उतरला की ती बैलगाडीत घालून नगरला शांतवनच्या ओट्यावर यायची. मग ती मारुतीच्या देवळातली असो, नाहीतर ख्रिस्ती मंडळीची. तो पेटी उघडायचा, एकेका सुराची पितळी पत्ती कानशीने इतकी हलकी घासायचा की बघणाऱ्याला वाटावं हा नुसता धूळ झटकतोय, आणि पेटी सुरात यायची. हाताशी दुसरी पेटी नाही, काही नाही. सगळा कारभार कानावर.

पाखरांनाही त्याने असंच पेटीला बांधून टाकलं होतं. गवई कुठल्या बटणापासून गाणं धरतो ती त्याची पट्टी: काळी एक, पांढरी चार वगैरे. शांतवनच्या हिशेबी पाखरांच्याही पट्ट्या ठरलेल्या होत्या. झाडावर काही बोललं की तो आधी पट्टी सांगायचा आणि मग पाखराचं नाव. “काळी चार. तांबट.” दयाळ नावाचा तो काळापांढरा, शेपटी उडवणारा पक्षी शीळ घालायला लागला, की मात्र पट्टीबरोबर चिडवणंही ठरलेलं. “पांढरी पाच, वरच्या सप्तकात. आला गं तुझा भाऊ!” दया आणि दयाळ, म्हणून भाऊ. बारा वर्षं तोच विनोद, आणि बारा वर्षं दया त्याला हसत आली होती. काय करणार, नवऱ्याचा विनोद!

गेल्या पावसाळ्यात शांतवनला क्षय धरला. अंगात ताप मुरला, खोकल्यात रक्त दिसायला लागलं. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला खाटेवर ठेवायला दोघंजण लागले नाहीत. एकट्या दयाने उचलून ठेवला, इतका तो हलका झाला होता. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं.

“नवं औषध आलंय. स्ट्रेप्टोमायसिन. सुया टोचाव्या लागतील,” त्या म्हणाल्या. “बहुतेक वाचतील. पण एक आहे, कानांवर जाऊ शकतं. सगळ्यांच्या जात नाही, काहींच्या जातं. ते पेटीवाले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांना विचार आणि मला येऊन सांग.”

दया खाटेपाशी गेली. शांतवन डोळे मिटून पडला होता, आणि तापातही त्याची बोटं चादरीवर पेटी वाजवत होती. तिला त्याचं एक बोलणं आठवलं. मागे कधीतरी तो थट्टेत म्हणाला होता, “आंधळा झालो तरी पेट्या लावीन गं. पण बहिरा झालो तर सरळ पुरून टाका मला.” तिने चादर नीट केली. पाण्याचा पेला उगाच या बाजूचा त्या बाजूला ठेवला. मग व्हरांड्यात जाऊन म्हणाली, “ते हो म्हणाले.”

विचारलंच नव्हतं तिने. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि ते “नाही” ऐकून घरी परत जाण्याची तिच्यात ताकद नव्हती.

शांतवन वाचला. फुप्फुसं स्वच्छ झाली, गालांवर मांस आलं. दयाने देवळात गुडघे टेकून उपकार मानले, आणि त्याच दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. घरात भांडं पडलं की ती भांड्याकडे न बघता नवऱ्याकडे बघायची. तो वळला की हिच्या जिवात जीव यायचा. नाही वळला की दिवसभर घास उतरायचा नाही. तिसगावच्या भजनी मंडळाची एक पेटी घरी येऊन पडली होती. शांतवन तिला हात लावत नव्हता. “अजून हात थरथरतो गं. भंडारदऱ्याहून आल्यावर बघू,” म्हणायचा. थरथरत असेलही बापडा, दया स्वतःला समजवायची. पण देवळात गाणी सुरू झाली की तोंड मिटून उभा राहायचा, ते कशाने? ओठ काही थरथरत नव्हते त्याचे.

तर असं हे भंडारदऱ्याचं निघणं. स्वातंत्र्य येऊन दुसरं वर्ष सरत होतं. पुणे रस्त्याला नव्या सरकारी मोटारी धावू लागल्या होत्या, पण राजूरकडे अजून तीच जुनी सर्व्हिस मोटार होती, माणसं, कोंबड्या आणि रॉकेलचे डबे एकाच भावात नेणारी. ड्रायव्हरने भोंगा वाजवला की शांतवन दचकायचा, आणि तो दचकला की दयाला पेढे वाटावेसे वाटायचे. डॉक्टरीणबाईंनी आपली जुनी दुर्बीण दिली होती. ती त्याने गळ्यात अडकवली होती आणि वाटभर तो खिडकीतून बघत होता. बघत होता, बघतच होता. दयाला ती दुर्बीण अगदी डोळ्यांत खुपली.

शेंडी गावाच्या वर, धरणाचं पाणी दिसेल अशा टेकाडावर दोन खोल्यांचं बंगलीवजा घर होतं. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने चार दिवसांपुरतं मिळालं होतं. राखणीला भिमाजी नावाचा म्हातारा. तो सामान उतरवता उतरवताच सुरू झाला.

“सलाम मास्तर, सलाम बाई. आता धरनाचं पानी आटलंय बगा, पर पाखरं लई हायेत. आमाला कटाळा येतो त्यांचा, पहाटंपासनं कालवा नुसता.”

“कालवाच ऐकायला आलोय आम्ही,” दया घाईने म्हणाली. शांतवन अंगणातल्या हिरड्याच्या झाडाकडे बघत होता.

संध्याकाळी चहा घेताना खालच्या जाळीतून “ऊप, ऊप, ऊप” असा घागरीतून आल्यासारखा आवाज आला. दयाने कप खाली ठेवला आणि शांतवनकडे पाहिलं.

“पांढरी एक. खालच्या सप्तकात,” शांतवन म्हणाला. “भारद्वाज.”

पट्टी सांगितली! दयाला इतका आनंद झाला की तिने भिमाजीच्या बायकोने, कडूबाईने, पाठवलेल्या नाचणीच्या दोन भाकरी खाल्ल्या, वर मिरचीच्या ठेच्याची तारीफ केली आणि नवऱ्यालाही वाढलं. आपण मेलं उगाच सुतावरून स्वर्ग गाठत होतो, असं तिला वाटलं. त्या रात्री तिला कितीतरी महिन्यांनी झोप लागली.

सकाळी दोघं हिरड्याखाली जाऊन बसले. शांतवनने तिला जागा दाखवून दिली. “तू तिथे बस. माझ्या समोर.”

“शेजारी बसते की.”

“नको, समोर बस. बघू दे मला.”

दया लाजली. हो, लाजली! चाळिशीकडे झुकलेली बाई, पण नवरा “बघू दे मला” म्हणाला तर लाजणार नाही तर काय? तिने पदर सारखा केला आणि समोरच्या दगडावर बसली.

मग पाखरं बोलायला लागली. धरणाच्या बाजूने गार वारा येत होता आणि त्यात बारीकसारीक शिळांचा नुसता सडा पडत होता. डावीकडच्या घाणेरीच्या फुलांवर बारीक “चिविट चिविट” झालं. दयाने मान वळवली. शांतवन म्हणाला, “शिंजीर.” वर पानांत लांबट, मऊ शीळ उमटली. दयाने वर पाहिलं. शांतवन म्हणाला, “हळद्या. तो बघ, पिवळाजर्द.” पाठीमागच्या फांदीवर दयाळाने शीळ घातली. अगदी बारीक, रेशमाच्या दोऱ्यासारखी लांबवत नेलेली. दयाच्या ओठांवर बारा वर्षांच्या सवयीचं हसू आलं.

“आला गं तुझा भाऊ!” शांतवन म्हणाला.

एक नाही, दोन नाही, सगळी बरोबर! दयाला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. आपल्या मनावरचं ओझं उतरलं, आता ते खोटं कुणाला सांगायची गरज नाही, ते आपल्याबरोबरच जाईल, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. आणि त्याच आनंदात, नको तो प्रश्न तिच्या तोंडून गेला.

“आणि पट्टी?”

शांतवन दुर्बिणीची काच पुसत होता. त्याने वर पाहिलं. “काय म्हणालीस?”

“पट्टी हो. दयाळ कुठल्या पट्टीत बोलला?”

“आपण सुट्टीवर आलोय ना? पाखरांनाही घेऊ दे की सुट्टी. त्यांना कसली आलीय पट्टी!”

तो हसला, म्हणून दयाही हसली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली. पाखरांना कसली आलीय पट्टी, हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर शांतवन त्याच्याशी भांडायला उठला असता.

त्या दिवशी तिने काम सोडून हेच केलं. डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवली. भारद्वाजाची पट्टी तो सांगायचा. होल्याची सांगायचा. दूर कुठे तांबट ठोके देत होता, त्याचीही सांगितली, जरा थांबून. पण बारीक आवाजाच्या पाखरांची नुसती नावं. नावं मात्र बरोबर! मग ऐकू कसं येत नाही म्हणायचं? आणि येतंय म्हणावं तर पट्टी कुठे गेली? डोकं चक्रावून गेलं तिचं. एक मन म्हणे, बाई, सुखाने राहा, उकरू नकोस. दुसरं म्हणे, तू डोळे झाकलेस म्हणून सूर्य थांबतो होय उगवायचा? जे व्हायचं ते होणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा तांब्या आणायला बंगलीत गेली होती. शांतवन गाडीवाटेच्या मधोमध उभा राहून दुर्बिणीने समोरचा कडा बघत होता. परत येताना तिने पाहिलं, तर वरच्या उतारावरून लाकडाने भरलेली बैलगाडी खाली येत होती. बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा, छुनछुन छुनछुन. गाडीवान बैलांना आवरत किंचाळत होता. लांब कुंपणापाशी भिमाजी चिरक्या आवाजात ओरडत होता, “मास्तर! बाजूला व्हा! अवो मास्तर!” शांतवन जागचा हलला नाही. कडाच बघत राहिला.

दयाच्या हातातला तांब्या कुठे पडला तिला कळलंही नाही. ती धावली, त्याच्या दंडाला धरून त्याला जोराने ओढलं, आणि दोघं करवंदीच्या जाळीत पडले. बैल फुरफुरत शेजारून गेले. गाडीवानाने चार शब्द ऐकवले, ते ऐकण्यासारखे नव्हते.

“अगं, दुर्बिणीत गुंग होतो,” शांतवन कपडे झटकत म्हणाला. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि उठताना त्याने जाळीचाच आधार घेतला, काटे लागले तरी.

तो पुढे गेल्यावर भिमाजी तांब्या घेऊन दयाजवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, “बाई, मास्तर कानानं जड हायेत का वो?”

“काही जड नाहीत!” दया त्याच्यावर खेकसली. “गुंग होते! एखादा माणूस गुंग होतो!”

“व्हय, व्हय,” भिमाजी म्हणाला आणि तांब्या ठेवून गेला. बिचाऱ्याचा काय दोष? दयाला स्वतःचीच लाज वाटली. पण कुणावर तरी ओरडल्याशिवाय तिला उभंसुद्धा राहता आलं नसतं.

दुपारपर्यंत ती विचार करत राहिली. गाडी आली तेव्हा आपण कुठे होतो? त्याच्या मागे. आणि पाखरांची नावं बरोबर येतात तेव्हा आपण कुठे असतो? त्याच्या समोर. समोर बस, बघू दे मला! हे मनात आलं मात्र, आणि तिचं चुलीवरचं लक्ष उडालं. भाकरी टाकली होती, ती तव्यावर तशीच करपली.

ऊन कलायच्या आधी ती त्याला म्हणाली, “चला, बसू झाडाखाली.” तो आला. आपल्या ठरलेल्या जागी बसला. ती समोरच्या दगडावर बसली. ऐन मे महिन्यातली दुपार. पाखरं सावलीला जाऊन चिडीचूप बसली होती. वारासुद्धा पडला होता. एक पान हलत नव्हतं, एक चोच उघडत नव्हती.

दयाने मनातल्या मनात प्रार्थना केली, की देवा, मला खोटं पाड. मग तिने एकदम हनुवटी उचलली, पाठीमागच्या फांदीकडे कान दिल्यासारखं केलं आणि ओठांवर ते बारा वर्षांचं हसू आणलं.

शांतवन तिच्या तोंडाकडेच बघत होता. त्याचा चेहरा खुलला.

“आला गं तुझा भाऊ!” तो म्हणाला.

दयाचं हसू ओठांवरच राहिलं. ते कसं पुसायचं, तिला समजेना. सगळ्या डोंगरात कुणी म्हणता कुणी बोललं नव्हतं. आणि तिचा नवरा, जिल्हाभरच्या पेट्या सुरात लावणारा शांतवन, तिच्या तोंडाकडे बघून दयाळ ऐकत होता.

“तो बोलला नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“कुणीच बोललं नाही. मी उगाच वर बघितलं.”

शांतवनने तिचे ओठ वाचले. मग त्याने दुर्बीण गळ्यातून काढली आणि गवतावर ठेवली, आता तिचं काही काम नाही अशी.

“कधीपासून?” दयाने विचारलं.

“दवाखान्यात असल्यापासून,” तो म्हणाला. आता लपवायचं राहिलं नव्हतं म्हणून की काय, त्याचा आवाज मोठा झाला होता. “कानात सारखे रातकिडे ओरडतात. जाड आवाज येतात, बारीक सगळे गेले. आणि रोज थोडे थोडे जातायत. तू समोरून बोललीस की लागतं. पाखरांचं म्हणशील तर तुझी मान जिकडे वळते तिकडे मी बघतो. पाखरू दिसतं. दयाळाला तर तू हसतेसच.”

“आणि ती पेटी?”

“उघडली होती. तू शाळेत शिकवायला गेली होतीस तेव्हा. भाता ओढला, वरच्या सप्तकात बोटं ठेवली.” त्याने तळहात उघडून दाखवला. “नुसती हवा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू सहा महिने माझ्या खाटेपाशी बसून अर्धी झालीस. आणखी हे कुठे तुझ्या डोक्यावर घालू? म्हटलं, चालेल तेवढे दिवस चालवू.” तो उठला आणि धरणाच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. “तुला एक सांगू? पाळकसाहेबांना सांगायचं नाही. मला देवाचा राग येतो. जीव द्यायचा होता तर सरळ द्यायचा. एका हाताने दिलं नि दुसऱ्या हाताने कान उपटून नेले! एवढी माणसं आहेत जगात, त्यांच्या कानांचा काही उपयोग नाही. माझेच सापडले त्याला? म्हणून मी गात नाही. ऐकू येत नाही हे आहेच, पण आलं असतं तरी गायलो नसतो.”

दया त्याच्या पाठीमागे उभी होती. आठ महिने जे वाक्य तिने उशीत, चुलीपुढे, देवळाच्या बाकावर मनातल्या मनात घोकलं होतं, ते आपोआप बाहेर आलं.

“देवाने नाही नेले. मी दिले.”

बोलली खरी. शांतवन वळला नाही. तो धरणाच्या आटलेल्या पाण्याकडे बघत राहिला.

त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

बाई गं! आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं? आपण सांगितलं, आपल्याकडून झालं. आता त्याला ऐकू नाही आलं त्याला कोण काय करणार? डॉक्टरीणबाईंना वाटतंय तो हो म्हणाला होता. त्याला वाटतंय हे देवाचं काम. कुणाच्या कधी कानावर येणार नाही. त्याच्या तर नाहीच नाही. एवढं सोपं होतं सगळं, नुसतं गप्प बसायचं होतं.

पण तो तिथे पाठ करून उभा होता, आणि देवावर रुसला होता. भलत्याच दारात जाऊन भांडत होता. आणि ज्या दाराशी भांडायला हवं ते इथे, दोन हातांवर, पदराने डोळे पुसत उभं होतं. देव काय, त्याला असल्या शिव्यांची सवय असेल. पण हा माणूस तोंड मिटून जन्म काढणार, आणि आपण शेजारी उभं राहून रोज मोठ्याने गाणी म्हणणार? दयाच्याने ते होण्यासारखं नव्हतं.

ती फिरून त्याच्या पुढ्यात गेली. त्याचे दोन्ही दंड धरले आणि बोलायला लागली. व्हरांडा, सुया, डॉक्टरीणबाई, सगळं एकदम.

शांतवन कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत होता. “थांब, थांब. अगं, तू रडतेयस. ओठ नुसते वेडेवाकडे होतायत. काही लागत नाही मला. रडू नकोस, नीट बोल.”

नीट बोल म्हणे! रडू थांबवणं तिच्या हातात होतं का? ओठ स्थिर राहीनात. एकच उरलं होतं. जे तिने अंधारात उशीलासुद्धा कुजबुजत सांगितलं होतं, ते आता भर दुपारी, उघड्या माळावर, ओरडून सांगायचं.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं!” दया ओरडली. “कान जातील म्हणाल्या! त्या औषधाने! तुम्हाला विचार म्हणाल्या! मी नाही विचारलं! खोटं सांगितलं त्यांना! सांगितलं, ते हो म्हणाले!”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. शांतवनचा चेहरा बदलत गेला. त्याने आपले दंड सोडवून घेतले.

“तू सांगितलंस?”

“हो! मी!”

“माझे कान. आणि तू हो म्हणालीस.”

“हो!”

“विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं, दया.”

“माहीत होतं! म्हणूनच नाही विचारलं! मला तुम्ही हवे होतात! बहिरे तर बहिरे! मला तुम्ही हवे होतात!”

एवढ्यात भिमाजी काठी घेऊन धावत आला. त्याच्यामागे हातात विळा घेऊन कडूबाई. “काय झालं बाई? जनावर निगालं का? कुटंशी हाय?”

“जनावर नाही, भिमाजी,” शांतवन त्याच्या ओठांकडे बघून म्हणाला. “घरातली बोलणी चाललीत.”

“येवड्या मोट्यानं?” म्हातारा बोलून गेला. कडूबाईने त्याच्या पाठीत कोपर मारलं आणि त्याला परत घेऊन गेली.

शांतवन दगडावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. दयाला वाटलं, आता तो उठेल आणि ट्रंक बांधायला सांगेल. किंवा बोलणारच नाही, आजपासून कधीच. तिने आपल्या बाजूने सांगण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली. उन्हाने डोकं तापलं तरी सावलीत सरकली नाही, जणू सावलीत जायचा हक्क नव्हता तिला. एकदा त्याने गवताची काडी उपटली, तिचे तुकडे तुकडे केले आणि टाकून दिले.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “शेवटचं काय म्हणालीस?”

“कुठलं?”

“भिमाजी यायच्या आधी. ते पुन्हा सांग. नीट ऐकू नाही आलं.”

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, हे दयाला कळेना. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने ओठ हलवले. पण शांतवनने डोळे मिटून घेतले होते. ओठ वाचायचेच नव्हते त्याला. मिटल्या डोळ्यांनी त्याने मान जराशी कलती केली आणि एक कान तिच्याकडे पुढे केला.

दयाने त्या कानाशी तोंड नेलं, आणि सगळ्या शेंडी गावाला कळेल इतक्या मोठ्याने ते पुन्हा सांगितलं.